सत्रअखेरचे शालेय वार्तापत्र : नोंदवहीपासून छापील अंकापर्यंत

माध्यमिक शाळेत सत्र संपत आले की पेपर तपासणी, निकालपत्रके, प्रगतिपुस्तके आणि सुट्टीतील अभ्यासाच्या सूचना यांच्या गर्दीत एक काम हमखास शेवटी ढकलले जाते, ते म्हणजे सत्रभरातील घडामोडी आणि विद्यार्थ्यांचे यश एका अंकात नीट मांडून घरोघरी पोहोचवण्याचे. मग ऐनवेळी मोबाईलवरच्या गटांतून जुनी छायाचित्रे शोधली जातात, ज्या शिक्षकांनी वेळेवर कागद दिला त्यांच्याच विषयाच्या बातम्या येतात आणि विभागीय स्पर्धेपर्यंत धडक मारून आलेल्या मुलीचे आडनाव नेमके चुकीचे छापले जाते. सोलापूर शहरातील आणि जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत ज्या शिक्षकांवर हे काम सोपवले जाते, त्यांच्यासाठी त्याची क्रमवार पद्धत येथे दिली आहे. यशाच्या बातमीत कौतुक असावेच, पण त्याआधी ती शाळेची अधिकृत नोंद आहे आणि मुलाने नेमके काय केले हे त्या नोंदीतून कळले पाहिजे, या एका आग्रहावर पुढची सगळी पद्धत उभी आहे.

अंकाचा काळ आधी ठरवून घ्या

राज्य मंडळाच्या शाळांत पहिले सत्र जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आणि दुसरे सत्र दिवाळीनंतर उन्हाळी सुट्टीपर्यंत चालते, त्यामुळे वर्षात दोन अंक काढणे सर्वांत सोयीचे ठरते. मात्र परीक्षांचे निकाल सत्राच्या या चौकटीत बसत नाहीत आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि निकाल उन्हाळी सुट्टीत लागतो, म्हणजे एप्रिलअखेरच्या अंकात तो येऊच शकत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा पहिल्या सत्रात होतात, पण त्यांचा निकाल हाती येतो दुसऱ्या सत्रात. शिष्यवृत्ती परीक्षेचा आधी अंतरिम निकाल लागतो आणि अंतिम निकाल व गुणवत्ता यादी त्यानंतर काही काळाने जाहीर होते.

यावर सोपा नियम असा करावा की परीक्षा केव्हा झाली हे न पाहता निकाल ज्या सत्रात अधिकृतपणे जाहीर झाला त्या सत्राच्या अंकात बातमी द्यायची, आणि परीक्षेचा महिना व वर्ष बातमीतच लिहायचे. दहावीच्या निकालासाठी जूनमध्ये शाळा उघडताच एका पानाची स्वतंत्र पुरवणी काढावी आणि तोच मजकूर दिवाळीच्या अंकात पुन्हा घ्यावा, कारण जूनमध्ये नव्याने दाखल झालेल्या मुलांच्या पालकांना तो तेव्हाच वाचायला मिळतो.

मजकूर स्वीकारण्याची अंतिम तारीख सत्र संपण्याच्या किमान तीन आठवडे आधीची ठेवावी. सोलापुरात मार्चनंतर उन्हाचा कडाका वाढतो, शाळा सकाळच्या सत्रात भरू लागतात, दुपारी शिक्षक खोलीत थांबून काम करणे कठीण होते आणि त्याच दिवसांत वार्षिक परीक्षाही असते. दुसऱ्या सत्राच्या अंकाचे लेखन मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घेतले, तर एप्रिलमध्ये फक्त निकालाची आणि उशिरा आलेल्या स्पर्धांची भर घालायची राहते.

नोंदवही पहिल्याच आठवड्यात उघडा

अंकाचा कणा म्हणजे नोंदवही. शिक्षक खोलीत सर्वांच्या हाताला येईल अशा जागी एक जाड फुलस्केप वही ठेवावी. संगणकावर तक्ता ठेवायला हरकत नाही, पण मैदानावरून थेट तासाला जाणारे क्रीडाशिक्षक संगणक उघडून बसणार नाहीत, वहीत मात्र जाता जाता दोन ओळी लिहितील. दर शनिवारी वहीतील नोंदी तक्त्यात उतरवून घेण्याचे काम एका शिक्षकाकडे द्यावे.

वहीत प्रत्येक नोंदीसाठी पुढील रकाने आखावेत : दिनांक, स्पर्धेचे किंवा परीक्षेचे पूर्ण नाव, आयोजक संस्था, ठिकाण, स्तर, वयोगट किंवा इयत्ता, विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, तुकडी, मिळालेला क्रमांक किंवा श्रेणी, मार्गदर्शक शिक्षक, पुरावा आणि पालकांची संमती. यातील ‘आयोजक’ आणि ‘पुरावा’ हे दोन रकाने लोक रिकामे सोडतात आणि अंक करताना नेमकी त्यांचीच गरज पडते. पुरावा म्हणजे प्रमाणपत्राची छायाप्रत, निकालाचे पान किंवा आयोजकांचे पत्र, आणि त्यावर नोंदवहीतील अनुक्रमांक पेन्सिलीने लिहून ते वेगळ्या फाइलमध्ये लावावे. पुरावा नसलेली नोंद वहीत राहू द्यावी, पण तो हाती येईपर्यंत ती अंकात घेऊ नये.

काम तीन शिक्षकांत वाटलेले बरे. एकाने नोंदी सांभाळाव्यात, मराठीच्या शिक्षकांनी लेखन पाहावे आणि तिसऱ्याने छायाचित्रे व संमतीपत्रे जमवावीत. त्यांच्या जोडीला आठवी-नववीच्या प्रत्येक तुकडीतून एक विद्यार्थी प्रतिनिधी घ्यावा. शाळेबाहेरच्या क्लबकडून खेळणारा, तालमीत जाणारा किंवा भजनी मंडळात पखवाज वाजवणारा मुलगा कोण आहे, हे वर्गशिक्षकांच्याही आधी त्याच्या बाकावरच्या सोबत्याला ठाऊक असते.

नावे जनरल रजिस्टरवरूनच घ्या

सोलापूरच्या शाळांसाठी हा मुद्दा स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक आहे. येथे एकाच वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. गुंडेटी, इप्पलपल्ली, मेरगू, बिराजदार, कलशेट्टी, हिरेमठ अशी आडनावे ऐकून लिहिली की ऱ्हस्व-दीर्घाची, जोडाक्षराची किंवा द्वित्ताची चूक ठरलेली. उर्दू भाषक घरांतील नावांत तर एकच नाव तीन प्रमाणपत्रांवर तीन प्रकारे लिहिलेले सापडते.

म्हणून नाव प्रमाणपत्रावरून किंवा ऐकून न घेता शाळेच्या जनरल रजिस्टरमधील, म्हणजे प्रवेश नोंदवहीतील, नोंदीवरून घ्यावे, आणि प्रमाणपत्रावरील नाव रजिस्टरशी जुळत नसेल तर ते त्याच वेळी आयोजकांकडून दुरुस्त करून मागावे. पुढे दहावीच्या परीक्षेसाठी चित्रकला, क्रीडा किंवा लोककलेच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव पाठवताना नावातील फरकामुळे कागद परत येतात आणि तेव्हा धावपळ करायला वेळ उरलेला नसतो. नावाचा क्रम संपूर्ण अंकात एकच ठेवावा. आधी आडनाव किंवा आधी नाव, काहीही चालेल, पण पहिल्या पानावर एक आणि तिसऱ्या पानावर दुसरा असे होऊ नये. ‘कुमार’ आणि ‘कुमारी’ ही उपपदे लावायची तर सर्वांना लावावीत. माझ्या मते ती गाळलेलीच चांगली, कारण इयत्ता आणि तुकडी दिल्यावर त्यांची गरज उरत नाही.

कोणते यश नेमके कोणत्या पायरीचे, हे तपासा

वार्तापत्राची विश्वासार्हता येथे ठरते, म्हणून या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. शिष्यवृत्ती परीक्षेपासूनच सुरुवात करू. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेत असलेल्या या परीक्षेत प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर असतात, म्हणजे एकूण ३०० गुण. प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी पात्र ठरतो, पण शिष्यवृत्ती मिळते ती गुणवत्ता यादीत नाव आलेल्यांनाच. आपल्याकडे ‘शिष्यवृत्ती परीक्षेत शाळेचे २० विद्यार्थी चमकले’ अशी बातमी येते आणि वाचणारा समजतो की वीस जणांना शिष्यवृत्ती मिळाली. ‘वीस विद्यार्थी पात्र ठरले, त्यांपैकी दोघे गुणवत्ता यादीत आले’ असे लिहिले तर पात्र ठरलेल्यांचा मानही राहतो आणि यादीत आलेल्या दोघांचे वेगळेपणही दिसते. बातमी अंतरिम निकालावर आधारलेली असेल तर ‘अंतरिम निकालानुसार’ हे दोन शब्द घातल्याशिवाय ती छापू नये.

आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचेही असेच आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता या दोन चाचण्यांत उत्तीर्ण होणे वेगळे आणि निवड यादीत येणे वेगळे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी या चार वर्षांसाठी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे एकूण ४८,००० रुपये. हे आकडे बातमीत जरूर द्यावेत, कारण सातवीतल्या मुलाच्या पालकांना या परीक्षेची पहिली माहिती अनेकदा अशा बातमीतूनच होते. पात्रतेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट असल्यामुळे मजकूर मात्र केवळ मुलाच्या गुणवत्तेवर ठेवावा आणि घरच्या परिस्थितीचा उल्लेख टाळावा.

शासकीय शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. ग्रामीण भागातील शाळेचा संघ तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय अशा पायऱ्या चढतो, तर महानगरपालिका हद्दीतील शाळांच्या स्पर्धा स्वतंत्रपणे होतात. सोलापूर जिल्हा क्रीडा स्पर्धांसाठी पुणे विभागात येतो. त्यामुळे ‘जिल्हास्तरीय स्पर्धेत प्रथम, पुणे विभागीय स्पर्धेसाठी निवड’ हे एक यश आणि ‘विभागीय स्पर्धेत सहभाग’ हे दुसरे. निवड झाल्याची बातमी देताना पुढची स्पर्धा अजून व्हायची असेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि पुढच्या अंकात तिचा निकाल न विसरता द्यावा, मग संघ पहिल्याच फेरीत हरला असला तरी चालेल. सांघिक खेळात सर्व खेळाडूंची नावे द्यावीत, त्यात राखीव खेळाडूही आले. खो-खोच्या बारा जणांतील फक्त कर्णधाराचे नाव छापणे हा उरलेल्या अकरा जणांवर अन्याय आहे आणि त्यांच्या पुढच्या कागदपत्रांच्या दृष्टीनेही गैरसोयीचे आहे.

विज्ञानातील नव्या कल्पनांसाठीच्या इन्स्पायर अवॉर्ड – मानक योजनेत शाळेने विद्यार्थ्याच्या कल्पनेचे नामांकन पाठवणे, ती कल्पना निवडली जाऊन प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळणे आणि जिल्हा प्रदर्शनातून राज्य स्तरावर निवड होणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. नामांकन म्हणजे पुरस्कार समजून बातमी देण्याची घाई होते, ती टाळावी. चित्रकला परीक्षांत अ, ब आणि क श्रेणींच्या याद्या वेगवेगळ्या द्याव्यात. क श्रेणीत उत्तीर्ण झालेल्यांची नावे जागेअभावी गाळण्याची पद्धत मला योग्य वाटत नाही, कारण ती मुले परीक्षा उत्तीर्ण झालेली आहेत.

दहावीच्या निकालात दोन गोष्टींची स्पष्टता हवी. मंडळाच्या नियमानुसार टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून काढली जाते आणि क्रीडा, चित्रकला, लोककला अशा कारणांसाठी मिळणारे वाढीव गुण त्यात मिळवले जातात. म्हणून शाळेतील पहिल्या तीन क्रमांकांची बातमी देताना गुण आणि टक्केवारी दोन्ही छापावेत, आणि वाढीव गुण धरले असल्यास तसे नमूद करावे. राज्य मंडळ आता गुणवत्ता यादी प्रसिद्ध करत नाही, तेव्हा ‘बोर्डात पाचवी’ किंवा ‘केंद्रात प्रथम’ अशा दाव्यांना अधिकृत आधार नसतो. ‘शाळेत प्रथम’ हे विधान पुरेसे आहे आणि ते खरे आहे. पुणे विभागीय मंडळाच्या किंवा जिल्ह्याच्या निकालाच्या टक्केवारीशी शाळेची तुलना करायची असेल तर मंडळाने जाहीर केलेला आकडा जसाच्या तसा घ्यावा. आणि एक गोष्ट आवर्जून करावी : पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या दिवाळीच्या अंकात द्यावी. मार्चमध्ये गणितात राहिलेला मुलगा महिना-दोन महिने घरी बसून तयारी करतो आणि सुटतो, ही शाळेसाठी मोठी बातमी आहे. त्याची इच्छा असेल तर नावासह, नसेल तर केवळ संख्येने ती नोंदवावी.

खासगी संस्थांच्या ऑलिंपियाड, प्रज्ञाशोध, रंगभरण अशा परीक्षांत भरपूर पदके वाटली जातात. ती मुलांना प्रिय असतात, म्हणून वगळू नयेत, पण आयोजक संस्थेचे नाव न देता ‘राष्ट्रीय स्तरावर सुवर्णपदक’ असे कधीही लिहू नये. अशा परीक्षांसाठी स्वतंत्र रकाना करून तेथे संस्थेचे नाव, प्रविष्ट विद्यार्थ्यांची संख्या आणि निकाल एवढे द्यावे.

बातमी लिहिताना

आपल्या शालेय बातम्यांवर ‘घवघवीत यश’, ‘नेत्रदीपक कामगिरी’, ‘शिरपेचात मानाचा तुरा’ या शब्दांचा इतका थर चढला आहे की खाली काय घडले ते दिसत नाही. पुढील नमुना पाहा.

‘आमच्या प्रशालेच्या विद्यार्थिनीने कुस्ती स्पर्धेत नेत्रदीपक यश संपादन करून शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा रोवला. तिच्या या घवघवीत यशाबद्दल संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, सर्व विश्वस्त, मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी अभिनंदन केले.’

यात स्पर्धा कोणती, वजनगट कोणता, क्रमांक कोणता, यांपैकी काहीच नाही. मुलगी एका वाक्यात संपली आणि पदाधिकाऱ्यांनी पूर्ण वाक्य घेतले. हीच बातमी अशी लिहिता येते :

‘इयत्ता नववी ब मधील (विद्यार्थिनीचे नाव) हिने सप्टेंबरमध्ये झालेल्या शासकीय शालेय कुस्ती स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींच्या (अमुक) किलो वजनगटात जिल्हास्तरावर प्रथम क्रमांक मिळवला आणि तिची पुणे विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. अंतिम लढतीत पहिल्या फेरीअखेर ती गुणांनी मागे होती, दुसऱ्या फेरीत तिने ही पिछाडी भरून काढली. पहाटे तालमीत सराव करून ती सकाळच्या तासाला हजर असते. तिला शाळेच्या क्रीडाशिक्षकांचे मार्गदर्शन लाभले.’

दुसऱ्या मजकुरात एकही कौतुकाचा शब्द नाही, तरी कौतुक पूर्ण आहे. पहिल्या वाक्यात कोण, काय, कोणत्या स्तरावर, कोणत्या गटात आणि केव्हा हे सारे आले पाहिजे, त्यानंतर मुलाने प्रत्यक्ष काय केले याचे एक-दोन वाक्यांत जवळून वर्णन यावे, आणि शेवटी मार्गदर्शकांचा उल्लेख. हे वर्णन मिळवण्यासाठी मुलाला पाच मिनिटे समोर बसवून विचारावे. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला ‘छान वाटले’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘सर्वांत अवघड भाग कोणता गेला?’, ‘आदल्या दिवशी काय केलेस?’, ‘प्रतिकृती पहिल्यांदा चालली नाही तेव्हा काय बदललेस?’ असे विचारले की मुले खुलून बोलतात. अभिनंदन करणाऱ्यांची नावे हवीच असतील तर शेवटच्या पानावर सर्व यशांसाठी मिळून एकदाच द्यावीत. हा निर्णय मुख्याध्यापकांनी संस्थेच्या बैठकीत आधीच मान्य करून घेतला की अंक करणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक वेळी अवघडल्यासारखे होत नाही.

जयंती-पुण्यतिथीच्या बातम्या सगळ्या शाळांत सारख्याच असतात आणि प्रतिमापूजनाच्या छायाचित्रांनी पाने भरतात. त्या सर्वांना मिळून तारखांसह एकच परिच्छेद पुरतो. विद्यार्थ्यांनी स्वतः काही केले असेल तिथे मात्र जागा द्यावी. उदाहरणार्थ, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. त्या दिवसानिमित्त नववीच्या मुलांनी आपापल्या पेठेतील वृद्धांकडून १९३० च्या मार्शल लॉच्या ऐकीव आठवणी गोळा करून भित्तिपत्रक केले असेल, तर ती खरी बातमी आहे आणि तिला अर्धे पान देणे योग्य ठरेल. सहलीचेही तेच. ‘नान्नजच्या माळढोक अभयारण्याला भेट दिली’ एवढ्यावर न थांबता तेथे कोणते पक्षी दिसले आणि मुलांनी टिपणे कशी घेतली ते लिहावे.

यादीत न येणारी मुले

साडेतीनशे मुलांच्या शाळेत पदके आणि क्रमांक फार तर चाळीस-पन्नास मुलांना मिळतात. उरलेल्यांच्या घरी अंक जातो तेव्हा त्यांच्या पालकांना त्यात आपले मूल कुठेच दिसत नाही. यावर उपाय म्हणून सरसकट सर्वांची स्तुती छापणे खोटे ठरेल, पण मोजता येण्याजोग्या आणि खऱ्या नोंदी शोधल्या तर अनेक सापडतात. हजेरीपटावरून सत्रभर एकही दिवस गैरहजर न राहिलेल्या विद्यार्थ्यांची यादी निघते. ग्रंथालयाच्या नोंदीवरून सर्वाधिक पुस्तके वाचणारे कळतात. पहिल्या चाचणीपासून सत्र परीक्षेपर्यंत आपल्याच गुणांत सर्वाधिक वाढ केलेले प्रत्येक तुकडीतील तिघे वर्गशिक्षक सहज सांगू शकतात, आणि या यादीत बहुधा वर्गातले पहिले पाच नसतात. प्रयोगशाळेची मांडामांड, परिपाठाचे संचलन, झाडांना उन्हाळ्यात पाणी घालणे, लहान भावंडांना वर्गात पोहोचवून मग स्वतःच्या वर्गात येणे, ही सारी कामे कोणीतरी करत असते. त्यांची नावे वर्गशिक्षकांकडून लेखी मागवावीत आणि प्रत्येक तुकडीला किमान चार ओळींची जागा राखून ठेवावी.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. सोलापुरात विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांतून आलेली मुले मोठ्या संख्येने शिकतात. ‘आई विड्या वळते, मुलीने मिळवले ९५ टक्के’ असा मथळा वाचकांना भिडतो, म्हणून तो वारंवार दिला जातो. पण त्या मुलीला वर्गात याच मथळ्यासह बसायचे असते. घरच्या कष्टांचा उल्लेख मुलीने आणि आईने स्वतःहून सांगितला व छापण्यास दोघींनी होकार दिला तरच करावा, तोही मजकुरात, मथळ्यात कदापि नाही. मथळा तिच्या अभ्यासाचा असावा.

संमती आणि गोपनीयता

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या वैयक्तिक माहितीच्या डिजिटल वापरासाठी पालकांची संमती घेण्याचे तत्त्व त्यात आहे. कायद्याची अंमलबजावणी करणारे अधिकारी कधी विचारतील याची वाट न पाहता शाळेने जूनमध्येच प्रवेशाच्या कागदांसोबत एका पानाचे संमतीपत्र घ्यावे. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात : छापील अंकात नाव, छापील अंकात छायाचित्र, आणि इंटरनेटवर व मोबाईल गटांत नाव किंवा छायाचित्र. अनेक पालक पहिल्या दोन गोष्टींना होकार देतात आणि तिसरीला नकार देतात, आणि त्यांचा तो अधिकार आहे. संमतीपत्र मराठीबरोबर शक्य असेल तर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही तयार ठेवावे. शिक्षकांपैकी किंवा पालकांपैकी कोणीतरी ते लिहून देणारे सोलापुरात सहज मिळते.

जन्मतारीख, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक, परीक्षेचा आसन क्रमांक, जात आणि उत्पन्न यांपैकी काहीही अंकात येऊ नये. शिष्यवृत्तीच्या निकालाचे किंवा दहावीच्या गुणपत्रिकेचे छायाचित्र जसेच्या तसे छापले की यातील निम्मी माहिती आपोआप बाहेर जाते, म्हणून कागदाचे छायाचित्र न छापता मजकूर लिहावा. बालगृहात राहणाऱ्या मुलांबाबत अधिक जपावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, त्यामुळे अशा मुलाचे यश नोंदवताना बालगृहाचा उल्लेख करूच नये.

छायाचित्रे

अंकासाठी दहा-बारा चांगली छायाचित्रे पुरतात. ती सकाळच्या उन्हात, शक्यतो व्हरांड्यात घ्यावीत. दुपारच्या उन्हात चेहरे काळवंडतात आणि मुले डोळे बारीक करतात. मोबाईल गटातून आलेली प्रत छापल्यावर धूसर दिसते, तेव्हा मूळ छायाचित्र ज्या फोनमध्ये आहे तिथून थेट घ्यावे. सत्काराच्या छायाचित्रात पाहुणे मध्ये आणि मूल कोपऱ्यात उभे असते, ते उलट करावे. त्याहून चांगले म्हणजे मूल प्रत्यक्ष काम करताना टिपावे : प्रतिकृती जोडताना, सूर मारताना, कागदावर रंग भरताना. छायाचित्राखालच्या ओळीत ‘डावीकडून’ असे लिहून सर्वांची नावे द्यावीत.

मांडणी आणि मुद्रितशोधन

चार पानांचा अंक, म्हणजे ए-थ्री आकाराचा एक कागद मधून दुमडून, बहुतेक शाळांना परवडतो आणि वाचलाही जातो. पहिल्या पानावर सत्रातील सर्वांत मोठ्या दोन-तीन बातम्या, आतील दोन पानांवर परीक्षा, क्रीडा, कला आणि तुकडीनिहाय नोंदी, आणि शेवटच्या पानावर पुढील सत्राच्या तारखा, सुट्ट्या आणि येणाऱ्या परीक्षांच्या अर्जांची माहिती असावी. शेवटचे पान पालक भिंतीला लावून ठेवतात. मुख्याध्यापकांचे मनोगत दीडशे शब्दांपुढे जाऊ नये.

मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. छापखान्यात तो जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये बदलताना रफार, जोडाक्षरे आणि ‘ॲ’सारखी अक्षरे तुटतात, आणि शिक्षकांनी तपासून दिलेला मजकूरही बिघडून येतो. म्हणून टंकलेखनाची प्रत तपासून समाधान मानू नये, छापखान्यातून आलेले शेवटचे प्रूफ तपासावे. नावांसाठी दोन जणांनी समोरासमोर बसावे. एकाने प्रूफवरील नाव अक्षर अक्षर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने जनरल रजिस्टर पाहत प्रत्येक नावापुढे खूण करावी. त्यानंतर प्रत्येक तुकडीची यादी त्या वर्गशिक्षकांना दाखवून सही घ्यावी. ज्या विद्यार्थ्याची बातमी आहे त्याला स्वतःचा मजकूर वाचायला द्यावा, कारण तो जे पकडतो ते आपल्या नजरेतून सुटलेले असते. आकडे वेगळ्या फेरीत तपासावेत, नावांबरोबर नाही.

वाटप आणि वृत्तपत्रांना द्यायची बातमी

दुसऱ्या सत्राचा अंक निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकासोबत द्यावा, कारण त्या दिवशी पालक स्वतः शाळेत येतात. प्रती घरटी एक या हिशेबाने छापाव्यात, भावंडे एकाच शाळेत असतात हे लक्षात घेतले तर बरीच बचत होते. अंक वाटण्याआधी परिपाठात दोन विद्यार्थ्यांकडून निवडक बातम्या वाचून घ्याव्यात. मराठी वाचू न शकणाऱ्या पालकांना मुले घरी काय वाचून दाखवतील याची ती तालीम होते, आणि शनिवारच्या परिपाठात त्याच बातम्या तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगायला मुलांना आवडते. कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या लांबच्या वसाहतींतून येणाऱ्या मुलांचे पालक कामाच्या वेळेमुळे निकालाच्या दिवशीही येऊ शकत नाहीत. त्यांच्या प्रती पाकिटात घालून मुलांजवळच द्याव्यात.

स्थानिक दैनिकांना अंक पाठवून ‘यातून काही घ्यावे’ असे सांगण्याचा उपयोग होत नाही. घटना घडली त्याच दिवशी संध्याकाळपूर्वी शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने, दीडशे शब्दांची युनिकोडमधील बातमी आणि एकच मूळ छायाचित्र पाठवावे. सोबत संपर्क करता येईल अशा शिक्षकाचे नाव द्यावे. तिसऱ्या दिवशी पाठवलेली बातमी शिळी असते. वृत्तपत्रात छापून आलेले कात्रण नोंदवहीच्या फाइलमध्ये लावावे, पण पुरावा म्हणून ते पुरेसे धरू नये, कारण त्यात चूक असू शकते आणि ती आपल्या अंकात पुन्हा उतरते.

चूक झाल्यास, आणि जतन

इतके करूनही एखादे नाव चुकेल किंवा गळेल. तक्रार तोंडी आली तरी ती नोंदवहीत लिहून घ्यावी, पुराव्याशी ताडून पाहावी, आणि चूक असल्यास पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर, मूळ बातमीइतक्याच आकाराच्या अक्षरात दुरुस्ती छापावी. पुढचा अंक सहा महिन्यांनी येतो, तोपर्यंत मूल थांबू शकत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी परिपाठात योग्य नाव जाहीर करावे आणि त्या विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांच्या सहीचे दुरुस्ती पत्र द्यावे, जे त्याला प्रमाणपत्रासोबत ठेवता येईल.

प्रत्येक अंकाच्या पाच प्रती राखून ठेवाव्यात : दोन ग्रंथालयात, एक मुख्याध्यापकांच्या कार्यालयात, एक संस्थेकडे आणि एक नोंदवही व पुराव्यांच्या फाइलसोबत. पाच वर्षांचे दहा अंक जमले की ते एकत्र बांधून घ्यावेत आणि बांधणीच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या नावांची अकारविल्हे सूची जोडावी. संगणकावरील प्रत शाळेच्या नावाने उघडलेल्या खात्यात ठेवावी, कोणा एका शिक्षकाच्या खासगी खात्यात नको, कारण बदली किंवा निवृत्तीनंतर ती मिळवणे कठीण जाते. जूनमध्ये काम नव्या शिक्षकांकडे जाणार असेल तर नोंदवही, फाइल, संमतीपत्रे आणि खात्याचा परवलीचा शब्द यांची यादी करून दोघांच्या सहीने ताबा द्यावा.